हिवाळाभर कांद्याची पात हवी असेल, तर मोठा कांदा लावू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सिन्नरजवळ घरामागे अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर घरातले मोड आलेले कांदे तिथे लावले. महिनाभर छान पात मिळाली आणि मग जानेवारीत प्रत्येक कांद्यातून जाड, पोकळ दांडा वर आला, टोकाला पांढरं बोंड धरलं आणि पात चरबट झाली. म्हणून या वर्षी बी आणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाफ्यात टाकलं. ते आता पंचवीस दिवसांचं झालंय, पण गवतासारखं बारीक आहे आणि शेंडे पिवळे पडताहेत. घरच्यांना हिवाळाभर ताजी पात मिळावी एवढीच इच्छा आहे, तर कोणतं खत घालू, असं तुम्ही विचारता.

खताचं शेवटी बोलू. गेल्या वर्षीचा घोटाळा खतामुळे झाला नव्हता आणि या वर्षीचाही बहुतेक खताचा नाही. तुमचा खरा प्रश्न असा आहे की थंडीत वाढणाऱ्या कांद्याला फुलावर जाऊ न देता पातीवर कसं ठेवायचं. तो एकदा कळला की बाकीचं सोपं आहे.

मी निफाड तालुक्यात गोदाकाठी शेती करतो. उन्हाळ कांदा हे मुख्य पीक. गेली वीस वर्षं त्याच्या जोडीला चार-पाच गुंठ्यांत फक्त पातीसाठी कांदा करतो आणि जुड्या बांधून आठवडे बाजारात नेतो. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. त्यामुळे हिवाळ्यातली पात कुठे कुठे बिघडते ते मी माझ्याच वाफ्यात पाहिलेलं आहे. सिन्नरची हवा आमच्यासारखीच, म्हणून मी सांगतो ते तुम्हाला बरंचसं लागू पडेल. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या कुणी हे वाचलं, तर त्यांच्याकडे रात्री एवढ्या गार नसतात, तिथे डेंगळ्याची भीती कमी आणि दमटपणाची जास्त. कुंडीतली गोष्टही थोडी वेगळी, ती मध्ये सांगतो.

आधी गेल्या वर्षीचे दांडे. त्यांना आम्ही डेंगळे म्हणतो. कांदा हे मुळात दोन हंगामांचं झाड आहे. पहिल्या हंगामात ते पात वाढवतं आणि खाली गड्डा भरतं. मग काही काळ झोपतं. दुसऱ्या हंगामात त्याला थंडी लागली की गड्ड्यातला साठा वापरून ते फूल काढतं आणि बी धरतं. तुम्ही दिवाळीनंतर जो कांदा लावला, तो एप्रिल-मे महिन्यात काढलेला उन्हाळ कांदा असणार. त्याचा पहिला हंगाम कधीच संपलेला होता. कांदा साठवायच्या चाळीत किंवा घरात पाच-सहा महिने झोप काढून तो जागा झाला, म्हणून तर त्याला मोड आले. अशा कांद्याला तुम्ही नोव्हेंबरात मातीत ठेवलं आणि डिसेंबरची थंडी दिली. त्याने फुलावर जाणं अगदी स्वाभाविक होतं.

बुलढाणा, जालना भागात किंवा आमच्याकडे जे शेतकरी कांद्याचं बी तयार करतात, ते नेमकं हेच करतात. चांगले मोठे कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे, त्याला गोट लावणं म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळे फुलतात, मधमाशा येतात आणि एप्रिलच्या सुमाराला काळं बी हाती येतं. तुमच्या परसात गेल्या वर्षी नकळत बियाण्याचा प्लॉट उभा राहिला होता. तुमच्या हातून चूक झाली असं मी म्हणणार नाही. बी करण्यासाठी ती पद्धत बरोबरच आहे, फक्त पातीसाठी चालत नाही.

आता यातलं महत्त्वाचं. थंडी लागली म्हणून प्रत्येक कांदा फुलावर जात नाही. थंडी लागते तेव्हा झाड किती मोठं आहे, यावर सगळं ठरतं. रोप अगदी कोवळं, दोन-चार पातींचं असेल, तर त्याला थंडी कळतच नाही म्हणा ना. ते सावकाश वाढत राहतं. पण मान, म्हणजे गड्ड्याच्या वरचा देठ, पेन्सिलीएवढी जाड झालेली असताना १० अंशांच्या आसपास किंवा त्याहून गार अशा रात्री काही आठवडे मिळाल्या, की आत फुलाचा कोंब तयार होतो. एकदा तो झाला की खत द्या, पाणी द्या, काही करा, दांडा येणारच.

आमच्या दोन हंगामांत हे दर वर्षी समोर दिसतं. रांगडा कांदा आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतो. डिसेंबरची थंडी येते तेव्हा त्याची मान चांगली जाड झालेली असते, म्हणून रांगड्यात डेंगळ्यांची डोकेदुखी जास्त. उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. थंडीत तो लहान असतो आणि मोठा होतो तेव्हा ऊन तापलेलं असतं, म्हणून त्यात डेंगळे कमी. माती, पाणी आणि शेतकरी तेच असतात. फरक एवढाच की थंडीने झाडाला कोणत्या वयात गाठलं.

हे लक्षात घेतलं की पातीचं गणित जमतं. थंडीच्या दिवसांत तुमच्या वाफ्यात कोवळं झाड असलं पाहिजे, आणि जाड व्हायच्या आत ते उपटून ताटात गेलं पाहिजे. एकच मोठा वाफा हिवाळाभर कापत राहू, हा विचार सोडा. थोडं थोडं, टप्प्याटप्प्याने पेरा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इंटरनेटवरची माहिती वाचून पुष्कळ जण फसतात. स्प्रिंग ओनियन म्हणून जी माहिती मिळते, ती बहुतेक इंग्लंडसारख्या थंड देशांतली असते. तिथे व्हाइट लिस्बनसारखं वाण ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात, रोप बर्फाळ हिवाळ्यात जवळजवळ थांबून राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये, त्यांच्या वसंतात, ते खातात. नावातला स्प्रिंग तो. आपल्याकडे हिवाळा हा झाडाने थांबायचा काळ नाहीच. नाशिकला २१-२२ डिसेंबरचा सगळ्यांत लहान दिवससुद्धा जवळजवळ ११ तासांचा असतो आणि दुपारी चांगलं ऊन पडतं. आपलं रोप हिवाळ्यात हळू का होईना, वाढत राहतं. आणि वसंत म्हणाल तर फेब्रुवारीअखेर दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊब आली की आपली वाणं गड्डा भरायला घेतात. पात त्या आधी खायची. त्यामुळे तिकडचं वेळापत्रक इकडे आणू नका.

आणखी एक. जपानी किंवा चिनी पद्धतीचा, कधीच गड्डा न धरणारा पातीचा कांदा ही वेगळी जात आहे आणि तिचं बी आता मिळतं. हौस असेल तर जरूर लावून पाहा. पण आपल्याकडे बाजारात पात म्हणून जी जुडी येते, ती नेहमीच्या कांद्याचीच कोवळी रोपं असतात आणि पीठ पेरून केलेल्या भाजीला चव तिचीच येते. मी तरी तिच्यावरच आहे.

वाण कोणतं? हिवाळ्यासाठी रब्बीचं वाण घ्या. एन-२-४-१ हे आमच्या पिंपळगाव बसवंतला निवडलेलं जुनं वाण, त्यात डेंगळे कमी येतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा किरण, भीमा शक्ती ही वाणंही चालतात. पांढरी देठं हवी असतील तर पांढऱ्या कांद्याचं बी घ्या, त्याची जुडी दिसायला फार सुरेख होते. खरिपाची वाणं, म्हणजे बसवंत ७८० किंवा एन-५३, थंडीत पेरू नका, ती पावसाळ्यासाठी बरी.

वाणापेक्षाही बी ताजं आहे की नाही हे आधी पाहा. कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतं. मेथी-कोथिंबिरीचं दोन वर्षांपूर्वीचं बी उगवतं म्हणून हेही उगवेल असं धरून चालू नका. एका वर्षी मी हा धडा महागात घेतला. एका दुकानातून दोन पाकिटं आणली, तारीख पाहिली नाही, दोन वाफे टाकले आणि दहातली तीन-चार बियाच उगवल्या. तेव्हापासून पेरायच्या आठ-दहा दिवस आधी मी ५० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळतो आणि घरात ठेवतो. आठव्या-नवव्या दिवशी ३५-४० तरी मोड आलेल्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर ते बी मी वाफ्यात टाकत नाही.

आता पेरणीचे टप्पे. मी ते सणांवर बसवले आहेत, म्हणजे लक्षात राहतात. पहिला टप्पा गणपतीच्या सुमाराला. हा चंपाषष्ठीसाठी. चातुर्मासात ज्यांनी कांदा-वांगं सोडलेलं असतं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करतात, आणि त्या भरिताला पातीचा कांदा हवाच. ती षष्ठी कधी नोव्हेंबरअखेर येते, कधी डिसेंबरच्या मध्यावर. त्या आठवड्यात माझ्याकडे पात शिल्लक राहत नाही. दुसरा टप्पा दसऱ्याला, तिसरा दिवाळीला, मग दर पंधरा-वीस दिवसांनी एक छोटा वाफा, आणि शेवटचा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. सप्टेंबरात पेरलेली पात ६० ते ६५ दिवसांत निघते. नोव्हेंबरात पेरलेलीला ७५ ते ९० दिवस लागतात, कारण गारठ्यात वाढ मंदावते. हा फरक डोक्यात ठेवला नाही, तर डिसेंबरअखेर माणूस उगीच घाबरतो आणि खत ओततो.

तुमचा वाफा नेमका याच वळणावर आहे. पंचवीस दिवसांचं कांद्याचं रोप गवतासारखंच दिसतं, ताई. दोन बारीक पाती, फार तर तिसरीचं टोक. पहिला महिना ते वर दिसण्यासारखं काही करत नाही. तेव्हा बारीक आहे म्हणून चिंता नको. मात्र तुम्ही लिहिलंय की मुठीने फोकून टाकलं आणि दाट उगवलंय, तिथे अडचण आहे. एका ग्रॅममध्ये कांद्याच्या अडीचशे-तीनशे बिया असतात. मुठीत किती गेल्या असतील याचा विचार करा. कांद्याची मुळं उथळ, बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत. दाटीत ती एकमेकांचं पाणी आणि अन्न खातात, खाली हवा खेळत नाही, दव लवकर सुकत नाही.

म्हणून आता पहिलं काम विरळणीचं. वाफ्याला हलकं पाणी द्या, दुसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की दाट जागेची रोपं हळूच उपटा. दोन रोपांत बोटभर, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. उपटलेली रोपं टाकू नका. ज्यांची मुळं नीट निघाली ती मोकळ्या जागेत ओळीने लावा, बाकीची बारीक चिरून आमटीवर घाला. विरळताना लव्हाळाही काढा. लव्हाळ्याचं कोवळं पान आणि कांद्याचं रोप यांत नवख्याला फरक कळत नाही. कांद्याची पात गोल नळीसारखी आणि चोळली की वास येतो. लव्हाळ्याचं पान चपटं, मध्ये शिरेची घडी असते.

पुढच्या वाफ्यांसाठी माझी पद्धत सांगतो. १ मीटर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करतो. काळ्या मातीत सपाट वाफ्यावर पाणी साचतं आणि रोपं पिवळी पडतात, म्हणून गादी. चौरस मीटरला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत मिसळतो. कच्चं शेणखत नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. मग १० सेंटिमीटरवर काडीने आडव्या रेघा ओढून त्यांत एक ते दीड सेंटिमीटर खोल बी टाकतो, वर चाळलेलं शेणखत भुरभुरतो आणि झारीने पाणी देतो. चौरस मीटरला ३ ग्रॅम बी पुष्कळ झालं. उगवेपर्यंत गवताचा पातळ थर टाकतो आणि पहिल्या वाकड्या सुया दिसल्या की त्याच संध्याकाळी काढतो. दोन दिवस उशीर केला तर रोपं गवतात लांबट, पांढरी होतात. घरापुरतं म्हणाल तर पंधरा-वीस दिवसांनी एक-दीड चौरस मीटर पेरलं तरी भरपूर. एका चौरस मीटरमधून वीस-पंचवीस जुड्या निघतात. अर्धा गुंठा एकदम पेरू नका, खाणार कोण?

जागा ठरवताना एकदा भर दुपारी उभं राहून सावली पाहा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी आपल्या भागात १० फुटी भिंतीची सावली दुपारी बारालाही उत्तरेकडे साडेनऊ फुटांपर्यंत पडते. पावसाळ्यात उन्हात असलेला कोपरा डिसेंबरात दिवसभर सावलीत जातो, आणि मग रोप लुळं पडलं म्हणून आपण पाणी वाढवतो. पातीला पाच-सहा तास थेट ऊन हवं. तुमचा वाफा घराच्या मागे आहे असं लिहिलंय. ते मागे म्हणजे उत्तरेला असेल, तर निम्मं कोडं इथेच सुटेल. कुंडी किंवा क्रेटवाल्यांची इथे सोय असते, उचलून उन्हात ठेवता येतं. त्यांना २० सेंटिमीटर खोल माती पुरते, पण ती लवकर सुकते, म्हणून दोन दिवसाआड बोट घालून पाहावं.

पिवळ्या शेंड्यांबद्दल आता बोलू. दुरून नक्की कारण सांगणं शक्य नाही, पण तुम्हीच पाहून ठरवू शकाल. सगळ्यांत खालच्या, जुन्या पातीचाच शेंडा पिवळा असेल आणि मधली नवी पात हिरवीगार असेल, तर काही करू नका, जुनी पात अशीच जाते. सगळा वाफाच फिकट पोपटी दिसत असेल, तर आधी मातीत बोट घाला. चिकट, गार लागली तर पाणी जास्त झालंय. थंडीत काळ्या मातीला सात-आठ दिवसांनी पाणी पुरतं आणि तुम्ही रोज झारी फिरवत असाल तर मुळं गुदमरतात. माती बरोबर असूनही फिकट असेल, तर भूक आहे. गार मातीत शेणखत हळू सुटतं, त्यामुळे खत घातलेलं असूनही रोप उपाशी राहू शकतं. अशा वेळी मी चौरस मीटरला १० ग्रॅम अमोनियम सल्फेट ओळींमधून देतो, पातीवर पडू देत नाही, आणि लगेच पाणी देतो. त्यातून नत्र मिळतं आणि गंधकही. कांद्याचा तिखटपणा आणि वास गंधकावरच असतो. हे एकदा विरळणीनंतर आणि हवं तर तीन आठवड्यांनी पुन्हा, बस. रासायनिक नको असेल तर शेणाची पातळ स्लरी आठवड्यातून एकदा चालेल, फक्त ती ओळीत ओता.

पातीवर बारीक चंदेरी ओरखडे आणि शेंडे वेडेवाकडे असतील, तर ते फुलकिडे. पातीच्या बेचक्यात, मानेपाशी फट करून पाहा, पिवळसर, तीळभरही नसलेले किडे पळताना दिसतील. कोरड्या हवेत ते वाढतात, जानेवारीनंतर तर फारच. सकाळी ऊन आल्यावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पात धुतली तरी पुष्कळ कमी होतात. निळे चिकट सापळे लावा. निंबोळीचा ५ टक्के अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, आठवड्याने फवारा. मी वाफ्यांच्या कडेने कांद्याच्या महिनाभर आधी मक्याची ओळ पेरतो, बाहेरून येणारे किडे तिथे अडतात, आणि घरच्यांना कणसंही मिळतात.

तिसरा प्रकार करप्याचा. पातीवर पांढुरका, खोलगट डाग, मध्ये जांभळट, आणि तिथून पात मोडते. याला कारण ओली पात. एका डिसेंबरात आमच्याकडे आठवडाभर धुई, म्हणजे धुकं होतं, वर ढग. मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी तुषार सिंचन चालू ठेवलं. आठ दिवसांत तीन वाफे करप्याने बसले. पाणी चुकीचं नव्हतं, वेळ चुकली. रात्रभर पात ओली, सकाळी धुई, दुपारपर्यंत सुकतच नव्हती. तेव्हापासून पाणी सकाळी ऊन चढल्यावर, आणि जमेल तिथे जमिनीवरून. थंडीची लाट आली की मात्र मी हा नियम मोडतो. रात्री पारा चार-पाचवर जाणार असं दिसलं, तर आदल्या दुपारी वाफ्याला हलकं पाणी देतो. ओली माती रात्री ऊब धरून ठेवते, शेंडे जळत नाहीत. पाणी मातीला द्यायचं, पात कोरडीच ठेवायची.

करप्यावर पातीच्या वाफ्यात मी बुरशीनाशक मारत नाही. उन्हाळ कांद्याला लागेल तेव्हा मारतो, कारण तो काढायला महिने असतात. पात तर पंधरा दिवसांनी कुणी कच्ची भाकरीबरोबर खाणार आहे. डागी पात रोज काढून लांब पुरायची, वाफा विरळ ठेवायचा. त्यातूनही पसरला तर तो वाफा उपटून मोकळा करतो आणि दुसऱ्या टप्प्यावर भर देतो. टप्पे ठेवण्याचा हाही फायदा.

काढणी कशी, हेही तुम्ही विचारलंय. कापून घेतली तर पुन्हा फुटते का? फुटते. मानेवर तीन सेंटिमीटर ठेवून कापा, दोनदा चांगली येते, तिसऱ्यांदा बारीक आणि चिवट. कापलेला भाग दोन दिवस ओला करू नका. पण मला उपटून घेणंच आवडतं. खालचा पांढरा, सुपारीएवढा गड्डा हाच पातीचा जीव, आणि उपटल्याने शेजारच्या रोपाला जागा होते. जाड झालेली आधी उपटायची, बारीक मागे ठेवायची. त्यामुळे कुठलंच झाड थंडीत जाड होऊन उभं राहत नाही, म्हणजे डेंगळ्याचा बंदोबस्तही आपोआप होतो.

घरातल्या मोड आलेल्या कांद्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण ते टाकवत नाहीत. ते लावाच, पण दोन अटींवर. एक, लहान निवडा. बाजारात ज्याला गोल्टी म्हणतात त्यातली लहान, किंवा त्याहून बारीक चिंगळी. दोन-अडीच सेंटिमीटरच्या आतल्या कांद्याला डेंगळे बरेच कमी येतात. दोन, मोठे लावले तर ३०-४० दिवसांत पूर्ण उपटून खायचे, अजून थोडे दिवस ठेवू म्हणायचं नाही. मोठ्या कांद्यात दोन-तीन डोळे असतात, त्यामुळे पात भरघोस येते आणि मोह होतो. गेल्या वर्षी तुमचं तिथेच झालं. पहिला महिना छान होता असं तुम्हीच लिहिलंय. डेंगळा दिसलाच तर कोवळा असताना बोंडासकट मोडून बारीक चिरा, झुणक्यात चांगला लागतो. मात्र तो मोडल्याने कांदा पुन्हा पातीवर येईल ही आशा धरू नका.

तर तुमच्यासाठी आत्ताचा क्रम असा: सावली पाहा, पाणी पाहा, विरळणी करा, आठ दिवस थांबा, आणि तेव्हाही सगळा वाफा फिकटच असेल तरच अमोनियम सल्फेट. याच आठवड्यात उरलेल्या जागेत एक-दीड मीटरचा दुसरा वाफा ओळीत पेरा आणि डिसेंबरच्या मध्याला शेवटचा. तो शेवटचा मार्चमध्ये येईल, तेव्हा खाली गड्डे धरायला लागलेले असतील, ते अख्खे भरल्या कांद्याच्या भाजीला घ्या. आणि आताचं जे रोप तुम्हाला गवतासारखं दिसतंय, ते नीट विरळलं तर जानेवारीच्या मध्यावर, भोगीच्या भाजीत घालायला पहिली जुडी त्यातूनच निघेल.